रातांधळेपणा, व्हिटॅमिन ए आणि ऊसतोडीहून परतलेली लेकरं

गोदाकाठचा मास्तर, माजलगाव

मंडळी, एक सल्ला हवाय. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आमच्या शाळेचा पट अचानक भरतो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या परततात आणि पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहिलेली पोरं वर्गात येऊन बसतात. त्यातलीच एक दुसरीतली मुलगी. दिवसा फळ्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते. पण तिची आजी सांगत होती की दिवेलागण झाली की ती अंगणातून घरात यायला कुणाचा तरी हात मागते, ताटात भाजी कुठंय ते चाचपते. घरच्यांना वाटतं ती अंधाराला भिते.

शिक्षकांच्या खोलीत यावर तीन मतं पडली. एक सर म्हणतात गाजर खाऊ घाला. मॅडम म्हणतात अंगणवाडीतले डोस चुकले असणार, आता वय गेलं. तिसऱ्यांना वाटतं चष्म्याचा नंबर असेल. सात वर्षांच्या मुलीला व्हिटॅमिन ए चा डोस देतात का? नुसत्या खाण्यानं भागतं का? आणि आपल्या भागात हे आता होतंच नाही, असं समजून मी बसलो होतो ते कितपत बरोबर? पुढच्या पालकसभेत यावर बोलायचंय, तेव्हा जरा सविस्तर लिहा.

नेत्रमित्र, बीड

मास्तर, गाजराचं नंतर बघू. मुलीला याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा, तिथं नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. नंबर असता तर दिवसा फळा दिसला नसता. दिवसा सगळं ठीक आणि अंधार पडू लागला की अडचण, ही तक्रार वेगळीच आहे.

तोवर तुम्हीही एक पाहू शकता. उजेडात तिला नाकाकडं बघायला सांगा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कानाकडच्या बाजूला, राखाडी-पांढरा फेसासारखा डाग दिसतो का बघा. बऱ्याचदा तो तिकोनी असतो. याला बिटॉटचे डाग म्हणतात. बिटॉट या फ्रेंच डॉक्टरनं १८६३ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. डाग आणि रातांधळेपणा दोन्ही असतील तर व्हिटॅमिन ए ची कमतरता जवळपास नक्की. डाग नसला तरी दाखवायचंच, कारण रातांधळेपणा बहुधा डागाच्या आधी येतो.

आता अंधारातच का, ते सांगतो. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू उजेडात आणि रंग बघायला कामी येतात, दंडपेशी मंद उजेडात. एका डोळ्यात दंडपेशी साधारण १२ कोटी आणि शंकू ६० लाखांच्या आसपास. दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचं रसायन असतं. ते एक प्रथिन आणि रेटिनल यांचं बनलेलं असतं, आणि रेटिनल म्हणजे व्हिटॅमिन ए चंच रूप. प्रकाशाचा कण आपटला की वाकलेला रेटिनल सरळ होतो, प्रथिनापासून सुटतो आणि मेंदूकडं इशारा जातो. सरळ झालेला रेटिनल पुन्हा वाकवून जागेवर बसवावा लागतो. यात थोडा थोडा वाया जातो, तो रक्तातून भरून निघावा लागतो. जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं ते मुख्यतः याच शोधासाठी. उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर आपल्यालाही आधी काही दिसत नाही, पूर्ण सराव व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तो वेळ ऱ्होडॉप्सिन पुन्हा भरण्याचा. माल कमी असेल तर भरतंच नाही, आणि लेकरू अंगणात उभं राहतं.

पालकसभेत सांगायचं ते मात्र डोळ्याबद्दल नाही, यकृताबद्दल सांगा. शरीरातलं ८० ते ९० टक्के व्हिटॅमिन ए यकृतात साठलेलं असतं. यकृत म्हणजे या जीवनसत्त्वाची कणगी. सुगीत भरते, पुढं महिनोन् महिने त्यातून काढून खायचं. रोज काय खाल्लं यापेक्षा कणगीत किती आहे याला महत्त्व. रक्त तपासलं तरी साठा पार तळाला जाईपर्यंत आकडा बरा दिसतो. मोठ्या माणसाची कणगी मोठी, एखादं वर्ष आबाळ झाली तरी निभतं. लेकराची मुळात लहान, आणि त्यात गोवर, हगवण, जंत झाले की झपाट्यानं रिकामी होते. तुमच्या शाळेतल्या पोरांचे पाच-सहा महिने कसे गेले असतील, याचा विचार या अंगानं करा.

वय गेलं, हे मॅडमचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. सरकारी वेळापत्रक पाच वर्षांपर्यंतचं. पण ते प्रतिबंधाचं. लक्षणं दिसली तर उपचाराचा डोस मोठ्या मुलांनाही देतात.

अक्का, औसा

मास्तर, लेकराला भिती म्हणून गप बसू नका. म्या बहात्तरच्या दुष्काळातली. आमची माय खडी फोडायच्या कामावर जायची. सुकडी मिळायची, तांबडी मिलो ज्वारी मिळायची, पोट भरायचं कसंतरी. पर हिरवं पान दिसंना डोळ्याला. आमच्या आळीतली दोन पोरं दिवस मावळला की जागची हलायची नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांच्या मायनं बकऱ्याचं काळीज निखाऱ्यावर भाजून खाऊ घातलं आणि चार रोजात पोरं पळायला लागली. तवा डॉक्टर कुठं हुता आमच्या गावात. आता हाय तर दाखवा की.

नेत्रमित्र, बीड

अक्का, त्या माउलीनं केलं ते शास्त्राला धरूनच होतं. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, यकृत सांगितलंय आणि प्राचीन इजिप्तच्या पपायरसमध्येही. बकऱ्याच्या कलेजीत तयार व्हिटॅमिन ए शंभर ग्रॅमला हजारो मायक्रोग्रॅम असतं. लहान मुलाला दिवसाला लागतं ४००-५०० च्या घरात. चार रोजात फरक पडला यात नवल नाही, पडदा पुन्हा भरायला वेळ लागत नाही.

शंकासुर

मला जरा वेगळं बोलायचंय. हा डोसाचा कार्यक्रम देशात १९७० पासून चालू आहे. पन्नास वर्षांहून जास्त झाली. मधल्या काळात बिटॉटचे डाग, बुबुळ विरघळून आंधळी झालेली मुलं, हे कितीतरी कमी झालं, नेत्रतज्ज्ञच सांगतात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयाच्या मुलांत कमतरता १८ टक्के निघाली. जागतिक आरोग्य संघटना २० टक्क्यांच्या वर गंभीर समस्या मानते. मग प्रत्येक लेकराच्या तोंडात दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट ओतायची गरज उरलीय का? उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये छापून आली, त्यात डोसामुळं मृत्यू फक्त ४ टक्क्यांनी कमी दिसले, म्हणजे योगायोगही असू शकतो. बाटली देऊन सरकार मोकळं होतं आणि अन्नाचा प्रश्न तसाच राहतो, असं माझं मत.

नेत्रमित्र, बीड

शंकासुर, मुद्दा चांगला आहे आणि तज्ज्ञांमध्ये हा वाद खरोखर चालू आहे. दुसरी बाजू लिहितो.

हे जीवनसत्त्व डोळ्यापुरतं नाही, हे कळलं तेच मुळी इंडोनेशियात. आल्फ्रेड सॉमर हे नेत्रतज्ज्ञ डोळ्यांचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं की नुसता रातांधळेपणा असलेली मुलं इतरांपेक्षा जास्त मरतात, आणि ती जुलाबानं आणि श्वासाच्या आजारानं मरतात. मग आचे प्रांतात चाचणी केली. १९८६ मध्ये निकाल आला, डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. कारण असं की घसा, फुप्फुसं, आतडं, लघवीचा मार्ग, सगळ्यांचं आतलं अस्तर ओलं आणि धड राहायला व्हिटॅमिन ए लागतं. ते कमी पडलं की अस्तर कोरडं, जाड होतं आणि जंतूंना वाट मिळते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होण्यातही त्याचा हात आहे. डोळ्याच्या पांढऱ्यावर दिसतो तो डाग म्हणजे बाहेरून दिसणारा तेवढा भाग, आत सगळीकडं तेच चाललेलं असतं.

उत्तर प्रदेशाचा निकाल निराश करणारा होता, मान्य. पण तुमच्या बाजूची एक गोष्ट मीच सांगतो. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली जिल्ह्यात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. तिथं मोठा डोस दिलाच नाही. दर आठवड्याला छोटा डोस, म्हणजे चांगल्या जेवणातून मिळेल तेवढंच. मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. थोडं थोडं, पण नियमित, हेच शरीराला जास्त मानवतं असं दिसतं.

म्हणून माझं मत असं की ज्या घरात आठवड्यातून चार दिवस पालेभाजी, दूध, अंडं आहे तिथं डोस नाही मिळाला तरी आभाळ कोसळत नाही. पण १८ टक्के ही देशाची सरासरी. कोपीवरच्या लेकरांची सरासरी कुणी वेगळी काढली आहे? तिथं जोवर अन्न नाही तोवर बाटली काढून घेऊ नये.

पुण्यातला नांदेडकर

मधेच घुसतो. मुलगा दहा वर्षांचा, दिवसभर मोबाईल, नंबर वाढत चाललाय. इथं एका ओळखीच्यांनी रोज एक ए ची कॅप्सूल आणि गाजराचा रस सांगितलाय. देऊ का?

औषधी गल्ली, लातूर

नांदेडकर, दुकानात रोज हा प्रश्न येतो. देऊ नका. नंबर म्हणजे डोळ्याच्या गोलाचा आकार आणि लांबी, त्याच्याशी या जीवनसत्त्वाचा संबंध नाही. त्यापेक्षा पोराला रोज तासभर बाहेर उजेडात खेळायला सोडा, ते जास्त कामाचं.

गाजरानं नजर तेज होते हे इतकं पसरलं त्यामागं दुसरं महायुद्ध आहे. ब्रिटिश वैमानिक रात्री जर्मन विमानं पाडू लागले ते विमानातल्या रडारमुळं. ते गुपित राहावं म्हणून जॉन कनिंगहॅम हा वैमानिक गाजरं खातो म्हणून त्याला अंधारात दिसतं, असं पसरवलं गेलं. लोकांनी आजवर धरून ठेवलंय.

गाजर वाईट नाही. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीर लागेल तेवढंच ए मध्ये बदलतं, त्यामुळं गाजरानं विषबाधा होत नाही. फार खाल्लं तर तळहात पिवळे पडतात. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच राहतो, कावीळ आणि यातला फरक तोच. पण तयार रेटिनॉलची, म्हणजे थेट व्हिटॅमिन ए चीच, कॅप्सूल वेगळी. ते तेलात विरघळणारं, लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साचत जातं. डोकेदुखी, उलट्या, केस गळणं, हाडं दुखणं, यकृताला इजा, सगळं होऊ शकतं. मोठ्या माणसासाठी दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम तयार रेटिनॉल ही वरची मर्यादा धरतात.

आणि एक अत्यंत महत्त्वाचं. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल मिळते, ती याच कुळातली. गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. कॉलेजच्या मुली मैत्रिणीच्या चिठ्ठीवर मागायला येतात, मी परत पाठवतो. लग्न ठरलेल्या मुलींनी तर डॉक्टरांशिवाय हातसुद्धा लावू नये. गरोदर बाईला ए चा मोठा डोस कधीच नाही, आणि कलेजीही रोज रोज नको.

लातूरची लेक

दादा, यावरून विचारते. मला आठवा महिना चालू असताना संध्याकाळी अंधुक दिसायचं. सासूबाई म्हणाल्या पोटुशीला असंच होतं, बाळंत झालं की जातं. गेलंसुद्धा. मग ते कशामुळं होतं?

नेत्रमित्र, बीड

ताई, गेलं म्हणून ते साधं होतं असं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईच्या साठ्यातून ओढून घेतं, रक्तही पातळ झालेलं असतं, आणि साठा आधीच कमी असेल तर आईला रातांधळेपणा येतो. आपल्याकडं सासवा-सुना सगळ्यांनी पाहिलेलं असल्यानं ते रीतीतलंच वाटतं. तुमचा साठा कमी म्हणजे दुधातही कमी उतरतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याची कणगी जवळपास रिकामीच असते, ती आईच्या दुधातून भरते. पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट पिवळसर दूध काही घरांत अजून पिळून टाकतात. त्याचा पिवळा रंग कॅरोटीनचा. सगळ्यात जास्त ए त्यातच.

बाळंतिणीला पालेभाजी दिली की बाळाला हगवण लागते, हाही समज सोडा. पुढच्या खेपेला असं झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. गरोदरपणी लहान डोस देता येतो, पण तो डॉक्टरनंच ठरवायचा.

करडईवाला, परळी

माणसाचं चाललंय म्हणून थांबलो हुतो, पर जनावराचं बी हेच हाय. २०१६ च्या दुष्काळात छावणीत नुस्ता वाळला कडबा आणि ऊस. हिरवं काई नाई. गाभण गाई हुत्या. दोन वासरं जन्मली ती आंधळीच. कुणी म्हणलं ग्रहण, कुणी म्हणलं कुणाची नजर. जनावराच्या डॉक्टरनं सांगितलं, व्हिटॅमिन ए. कडबा उन्हात महिनोन् महिने पडला की त्यातलं समदं उडून जातं म्हणं. मग हिरवी मका लावली चार गुंठ्यात, ठिबकवर, खास गाभणीसाठी.

एक शंका. गाईचं तूप पिवळं, म्हशीचं पांढरं. मग म्हशीच्या दुधात ए नसतं का?

परभणीची अन्नपूर्णा

करडईवाले, असतं. म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन जवळजवळ सगळं रेटिनॉलमध्ये बदलून टाकते आणि रेटिनॉलला तसा रंग दिसत नाही, म्हणून लोणी पांढरं. गाय थोडं कॅरोटीन तसंच दुधात सोडते, म्हणून पिवळं. जीवनसत्त्व दोन्हीकडं आहे, हिरवा चारा असेल तर.

मी अन्नशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. तेव्हा जेवणाचं मी लिहिते, सवयीनं लांबेल.

पिवळ्या रंगावर भुलू नका. हळद, लिंबू, केळं पिवळं आहे पण कॅरोटीन नावालाच. उलट गडद हिरव्या पाल्यात ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. पान जितकं काळपट हिरवं तितकं चांगलं. कोबीचा पांढरा गड्डा यात कुठंच बसत नाही, आणि खिचडीत पोरांना दिसतो तोच. बाजारातलं पांढरं रताळंही नाही, आतून केशरी असणारं मात्र उत्तम.

मराठवाड्यात हे विकत घ्यावं लागत नाही, ही गंमत आहे. पावसाळ्यात तरोटा, तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावर आपोआप येतात. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे शेंडे, मेथी, चुका, अंबाडी. ज्यांना तणनाशकाची सवय लागली त्यांच्या बांधावरून यातल्या निम्म्या भाज्या गेल्या, आणि वर पुन्हा पालकाची जुडी विकत आणायची, हे मला अजून पटत नाही. उन्हाळा हाच खरा खडतर काळ. त्यात दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक शेवगा. दुष्काळात विहीर आटली तरी त्याला पाला असतो आणि कॅरोटीनच्या बाबतीत तो पालकाच्या वरचढ. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला टाकतो. शेळी शहाणी. दुसरा आंबा. मराठवाड्याच्या केशर आंब्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक आहेच, पण गावरान रायवळसुद्धा चालतो. पिकलेला हवा, कैरीत फारसं नसतं.

आता तेलाचं. हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं. नुसती उकडलेली भाजी खाल्ली तर बरंचसं कॅरोटीन आतड्यातून तसंच पुढं जातं. फोडणीचं चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट, आमरसावर तूप, हे आजीबाईंनी चवीसाठी केलं असेल, पण पोषणालाही तेच लागतं. आणि शिजवणं चांगलं. कच्च्या गाजरापेक्षा तेलात परतलेल्या गाजरातून जास्त मिळतं. भाजी झाकण ठेवून शिजवा, तासन् तास आटवू नका.

आणखी एक हिशेब. पाल्यातलं कॅरोटीन शरीरात बदलताना बरंच कमी होतं, साधारण बारा भागांतून एक भाग ए तयार होतं असं धरतात. म्हणून महिन्यातून एकदा भाजी करून भागत नाही. अंड्यातलं, दुधातलं, कलेजीतलं मात्र तयारच. एका अंड्यात ७०-८० मायक्रोग्रॅम. माळकरी घरांनी दूध-तूप आणि पाला दोन्ही धरावं.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ज्वारी ऐकली असेल. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे, व्हिटॅमिन ए नाही. तरी जोड आहे. यकृतातून ए बाहेर काढून रक्तातून नेणारं प्रथिन बनायला जस्त लागतं. साठा असून जस्त नसेल तर तो डोळ्यापर्यंत पोचायला अडचण. म्हणजे भाकरी ज्वारीची, सोबत पालेभाजी, हे जुनं ताट काही अडाणी नव्हतं.

शंकासुर

अन्नपूर्णाताई, हे पटलं. पण ज्या बाईनं पहाटे चारला मोळ्या बांधायला निघायचं तिनं तरोटा कधी निवडायचा?

परभणीची अन्नपूर्णा

याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेवग्याचा पाला धुऊन घरातल्या सावलीत वाळवा, दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो. चुरून डब्यात भरा. कडक उन्हात वाळवलात तर करडईवाल्यांच्या कडब्याचं झालं तेच होईल. कोपीवर पिठलं, वरण, भाकरीचं पीठ, कशातही चमचाभर टाकता येतो. डबा प्रकाशात ठेवू नका आणि तीन-चार महिन्यांत संपवा. बाकीचं अर्धं उत्तर मुकादम, कारखाना आणि सरकार यांनी द्यायचं.

गोदाकाठचा मास्तर, माजलगाव

मुलीला नेऊन आणलं. दोन्ही डोळ्यांत डाग होते, नेत्रमित्रांनी लिहिलं तिथंच. मला ते धुळीचं काहीतरी वाटलं असतं. दोन लाख युनिटचा डोस तिथंच पाजला, पुढचा चार आठवड्यांच्या आत द्यायचा म्हणाले. जंताची गोळीही दिली. तिच्या आईशी बोललो तेव्हा कळलं की तिकडं गोवर निघाला होता. अंगावरचं पुरळ गेल्यावर पंधरा दिवस मिठाविना भाकरी-पाणीच दिलं, अंडं-तेल बंद. तिला संध्याकाळचं बरं दिसायला लागलंय, पण डाग तसेच आहेत. ते जाणार ना?

नेत्रमित्र, बीड

छान केलंत. डाग हळूहळू जातात, मोठ्या मुलांत कधी कधी थोडे राहूनही जातात, त्यानं नजरेला धोका नाही. बुबुळ कोरडं पडून धूसर झालं असतं तर मात्र पळापळ होती. त्या टप्प्यात बुबुळ एक-दोन दिवसांत मऊ पडून फुटू शकतं आणि गेलेली नजर परत येत नाही. वर्गात आणखी कुणी डोळे चोळत उजेडाला टाळत असेल तर त्याच दिवशी पाठवा.

गोवराचा धागा तुम्हाला बरोबर सापडला. गोवर यकृतातला साठा खातो. आणि नेमकं तेव्हाच आपण पथ्य म्हणून अंडं, तेल, भाजी बंद करतो. गोवर झालेल्या लेकराला लागोपाठ दोन दिवस ए चा डोस द्यायचा असतो. वर्षाच्या वरच्याला दोन लाख, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख. घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा तर लावा, पण डोसही द्या आणि खाऊ घाला.

जालना_एक्सप्रेस

आमच्या घरचं जरा वेगळं निघालं म्हणून लिहिते. भावाला बारा-तेराव्या वर्षापासून रात्री दिसायचं कमी. कलेजी झाली, गोळ्या झाल्या, शेवग्याचा रस झाला, काही फरक नाही. मग बाजूचं दिसेना, दारांना खांदे लागायला लागले. तोवर बरीच वर्षं गेली. शेवटी छत्रपती संभाजीनगरला पडदा तपासला, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आईवडील मामे-आत्ये भावंडं.

नेत्रमित्र, बीड

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडं अजून आहे, आणि हा आजार जनुकातून येतो. आईवडील नात्यातले असले की दोघांकडून तोच दोष येण्याची शक्यता वाढते. इथं कणगी भरलेली असते, पण पडद्याच्या पेशीच झिजत जातात. कॅप्सूल खाऊन तो बरा होत नाही, आणि आपल्या मनानं मोठे डोस घेतले तर यकृत बिघडतं. याच्या एका दुर्मीळ प्रकारात रेटिनल पुन्हा वाकवणारं आरपीई६५ हे एन्झाइमच सदोष असतं. त्यावर जनुकीय उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालाय, पण तो फारच महाग आणि त्या प्रकारापुरताच. भावाला दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. धाकट्या भावंडांचे पडदे तपासून घ्या.

म्हणून सगळ्यांना एक सांगणं. डोस देऊन आठवड्याभरात संध्याकाळच्या दिसण्यात फरक पडला नाही तर पुन्हा डोस मागत बसू नका, डोळ्यात थेंब टाकून पडदा बघून घ्या. चाळिशी-पन्नाशीनंतर रात्री गाडी चालवताना दिसेना झालं तर बहुतेकदा मोतीबिंदू असतो, नाहीतर साखर वा काचबिंदू.

करडईवाला, परळी

आमी घाण्यावरचं करडीचं तेल खातो. पिशवीतल्या तेलावर ए घातलंय असं लिहिल्यालं आसतंय. मग घाण्याचं सोडावं का?

परभणीची अन्नपूर्णा

सोडू नका. पिशवीतल्या तेलात आणि दुधात ए आणि डी मिसळलेलं असेल तर त्यावर निळं अधिक एफ चं चिन्ह असतं. ज्यांच्या ताटात पालेभाजी नाही त्यांच्यासाठी ते चांगलंच. पण असं तेल उघड्या काचेच्या बरणीत खिडकीत ठेवलं, किंवा त्यातच पुन्हा पुन्हा भजी तळली, तर घातलेलं ए निघून जातं. तुमच्या घाण्याच्या तेलात ए नाही, पण भाजीतलं कॅरोटीन आतड्यातून शोषायला ते तितकंच उपयोगी. तुमच्याकडं करडईची भाजी आणि करडीचं तेल दोन्ही घरचं, अजून काय पाहिजे.

आशा_वडवणी

सगळं वाचलं. मी आशा कार्यकर्ती, आमच्या बाजूचं लिहिते, मास्तरांना सभेत उपयोगी पडेल. एकूण नऊ डोस असतात. पहिला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर, एक लाख युनिट म्हणजे एक मिली. दुसरा दीड वर्षाच्या सुमारास, दोन लाख. मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. सहा महिन्यांचं अंतर मुद्दाम ठेवलंय. दोन लाख युनिट म्हणजे ६० मिलिग्रॅम, लहान लेकराला ते साधारण पाच महिने पुरतं.

आता अडचण बघा. टोळ्या दिवाळीच्या पुढं-मागं जातात आणि एप्रिलात येतात. दुसरा, चौथा, सहावा डोस नेमका तिकडं असताना येतो. लेकरू कार्डावर आमच्या गावचं, असतं कर्नाटकात नाहीतर सांगलीत. तिथल्या सिस्टर म्हणतात आमच्या यादीत नाही. आमच्या रजिस्टरला ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि तिथंच विषय संपतो.

म्हणून मी निघायच्या आधी घरोघर जाऊन ज्यांचा डोस जवळ आलाय त्यांना पाजून घेते, सिस्टरना आधी सांगून ठेवते. मागच्या डोसाला पाच महिने झाले असतील तर सिस्टर बघून ठरवतात. या नेहमीच्या दोन डोसात महिन्याचंही अंतर नसेल तर देत नाहीत, उलट्या होतात. मास्तर, बारावीपर्यंतच्या सगळ्या पोरांचे डोळे शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक बघतं. बिटॉटचे डाग त्यांच्या यादीत आहेतच. पण पथक जानेवारीत आलं तर तुमची ही पोरं नेमकी नसतात. त्यांना लेखी कळवा की एप्रिल-मेमध्ये पुन्हा एक फेरी ठेवा, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र लागतं.

आणि आयांना सांगा, माता-बाल संरक्षण कार्ड घरात पत्र्याच्या पेटीत ठेवून जाऊ नका, सोबत न्या. कुठल्याही सरकारी दवाखान्यात डोस फुकट आहे, गाव कोणतं ते विचारून परत पाठवता येत नाही. पाजल्यावर कार्डावर तारीख लिहून घ्या, नुसती खूण नको. खुणेवरून आम्हाला काही कळत नाही.